मनाची इमर्जन्सी आणि अपघात विभाग: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी औषध पिलंय, कुणी दोन रात्री डोळ्याला डोळा लावलेला नाही आणि आता घरच्यांवर धावून जातंय, कुणाला नसलेली माणसं दिसतायत. घरचे गाडी काढतात आणि अपघात विभागाच्या दारात येऊन उभे राहतात. पुढं काय होणार, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मी रुग्णमित्र म्हणून अशा नातेवाइकांसोबत दवाखान्यात जाते. डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्यांचे डोस इथं मिळणार नाहीत. लोक जे खरोखर विचारतात, बहुधा आवाज खाली करून विचारतात, ते प्रश्न इथं घेतले आहेत.

जिवाला आत्ता धोका असेल तर हे नंतर वाचा. आधी १०८ ला फोन करा. ॲम्ब्युलन्स मोफत येते, सोबत डॉक्टर असतो. मारहाण किंवा हत्याराची भीती असेल तर ११२. कुणाशी तरी लगेच बोलायचं असेल तर टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत.

कधी थेट अपघात विभागात न्यायचं आणि कधी सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबलं तर चालतं?

थांबायचं नाही अशा गोष्टी: काहीही पिलं किंवा गोळ्या घेतल्या (प्रमाण कितीही कमी सांगत असला तरी), स्वतःला इजा केली, जीव द्यायचं ठरवलंय आणि तयारीही केलीय, दुसऱ्याच्या जिवावर उठलाय, अन्नपाणी पूर्ण सोडलंय, दगडासारखा एका जागी बसलाय आणि बोलत नाही. आणि आजवर कधीच मनाचा त्रास नसलेला माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखं वागायला लागला तर तेही.

महिनाभर झोप कमी आहे, उदास वाटतं, जुन्या गोळ्या संपल्यात, अशा तक्रारींना ओपीडी बरी. तिथं डॉक्टरांना बसून ऐकायला वेळ असतो. शंका असेल तर १४४१६ ला विचारा. तरीही ठरत नसेल तर न्या. उगाच नेलं म्हणून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही.

कोल्हापुरात नेमकं कुठं न्यायचं?

शहरात असाल तर दसरा चौकाजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. त्यामुळं विषबाधा, जखम आणि मनाचा आजार या तिन्हींचे डॉक्टर एकाच आवारात सापडण्याची शक्यता तिथं जास्त.

गावाकडं असाल आणि माणूस गंभीर असेल तर "सीपीआरच गाठायचं" या हट्टात वेळ घालवू नका. इचलकरंजीला आयजीएम (इंदिरा गांधी) रुग्णालय आहे, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. चंदगडवाल्यांना कोल्हापूर शंभरावर किलोमीटर पडतं, बेळगाव त्यापेक्षा कितीतरी जवळ. आधी जवळच्या ठिकाणी श्वास, नाडी, शुगर सांभाळून घ्यायची आणि मग चिठ्ठी घेऊन पुढं निघायचं. चिठ्ठीत काय दिलं आणि किती वाजता दिलं, हे लिहून मागा. पुढच्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच हवं असतं.

खासगी दवाखानासुद्धा "ही पोलीस केस आहे, आम्ही हात लावत नाही" असं म्हणू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर. त्यांच्याकडं सोय नसेल तर प्राथमिक उपचार करून पुढं पाठवावं, दारातून परत लावू नये.

पोरानं औषध पिलंय. गाडी येईपर्यंत काय करू?

ओकारी काढू नका. मिठाचं पाणी, दूध, ताक, अंड्याचं पांढरं, लिंबू, काहीही पाजू नका. घशात बोटं घालून ओकारी काढताना पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं आणि एकाचे दोन प्रश्न होतात. अंगावर, कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढा आणि साबणपाण्यानं अंग धुवा. हे करताना स्वतःच्या हातांना प्लास्टिकची पिशवी तरी गुंडाळा. गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

मग बाटली शोधा. शेतात असेल तर कुणाला तरी पळवा, निदान लेबलचा फोटो मागवा. आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात घरोघरी कीटकनाशक असतं, तणनाशक असतं, आणि दोन्हींना लोक "औषध"च म्हणतात. डॉक्टरांच्या दृष्टीनं ती दोन टोकं आहेत. एकाचा उपचार दुसऱ्याला लागू पडत नाही. "कसलं तरी औषध होतं, हिरव्या बाटलीतलं" यावर कुणी उपचार ठरवू शकत नाही. गोळ्या असतील तर रिकाम्या पट्ट्या आणा.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: तासाभरानं पोरगं उठून बसलं, "बरं वाटतंय, घरी चला" म्हणालं, तरी दवाखान्यातून घरी न्यायचं नाही. काही विषांचा आणि काही साध्या वाटणाऱ्या गोळ्यांचाही परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून नेणं, ज्याला दवाखान्यात डामा म्हणतात, ते या बाबतीत तरी करू नका.

पोलीस केस होते म्हणून आम्ही "चुकून पिलं" असं सांगितलं. बरोबर ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं.

आधी नोंदीचं पाहू. विषबाधा किंवा संशयास्पद इजा आली की डॉक्टर एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर केस, नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. सीपीआरच्या चौकीत नोंद होते, हवालदार येऊन जबाब घेतो. ही नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. "चुकून" म्हटलं तरी ती होतेच, म्हणजे खोटं बोलून वाचत काहीच नाही. उलट कुणी जबरदस्तीनं पाजलं असेल, सासरी जाच असेल, सावकाराचा तगादा असेल, तर पुढं हाच कागद कामाला येतो.

आता कायदा. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, वेगळं सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. शिवाय त्याला उपचार आणि आधार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. पुढं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात जुनं ३०९ घेतलंच नाही. कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला एखादं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल आहे. घरातल्या भांडणातून, कर्जातून, निकालातून झालेल्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही.

"चुकून" म्हटल्यानं काय होतं ते मात्र ऐका. पोट साफ होतं, सलाईन लागतं, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो. मानसोपचार विभागाला कुणी बोलावत नाही, कारण कागदावर तशी गरजच नाही. पोरगं त्याच घरात, त्याच खोलीत परत येतं, आणि जे बोलायचं होतं ते कुणाशीच बोललेलं नसतं. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, "साहेब, मुद्दाम घेतलंय." एवढ्या तीन शब्दांनी उपचाराची दिशा बदलते.

मनाचा पेशंट आहे असं सांगूनही आधी रक्त-लघवी, ईसीजी कशाला? मानसोपचाराचे डॉक्टर लगेच का येत नाहीत?

नातेवाइकांची चिडचिड समजते. तुमचा माणूस ओरडतोय आणि सिस्टर बोटाला सुई टोचून शुगर बघतेय. पण ती बरोबर करतेय. साखर खूप उतरली की शांत माणूस शिव्या देतो, ओळख विसरतो. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव, मेंदूज्वर, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, ऑक्सिजन कमी होणं, हे सगळं बाहेरून "वेड लागल्या"सारखंच दिसतं. साठीपुढच्या माणसात तर आधी शरीराकडंच बघावं लागतं. कालपर्यंत तुळशीला पाणी घालणारी आजी रात्रीत सुनेला ओळखेना, भिंतीशी बोलायला लागली, तर लघवीतला संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं ही कारणं नेहमीची. बीपीच्या काही गोळ्यांनीही सोडियम उतरतं. अशा आजीला थेट मानसोपचाराच्या गोळ्या सुरू केल्या तर मूळ दुखणं तसंच राहतं.

म्हणून क्रम असा: नाडी, बीपी, ऑक्सिजन, ताप, शुगर, मग जखम किंवा विष, मग बाकीचं. अपघात विभागातला ड्यूटी डॉक्टर हे बघून मानसोपचार विभागाला कॉल देतो. रात्री ऑन-कॉल डॉक्टरला यायला वेळ लागू शकतो. माझी तक्रार वेटिंगबद्दल नाही, जागेबद्दल आहे. आवाज ऐकू येणारा, कुणीतरी मारायला येतंय असं वाटणारा पोरगा स्ट्रेचरवर, आणि शेजारच्या कॉटवर अपघातातल्या जखमा शिवणं चालू, वर पांढरेफक्क दिवे, दारात आरडाओरडा. त्याची भीती वाढणार नाही तर काय? प्रत्येक अपघात विभागाला एक शांत कोपरा हवा. तो होईपर्यंत दवाखान्यातल्या मावशींना किंवा मामांना, म्हणजे तिथल्या मदतनिसांना, विनंती करा, पडदा ओढून घ्या, भिंतीकडची कॉट मागा. बऱ्याचदा मिळते.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं? आम्हाला तिथं काही सुचत नाही.

कधीपासून बदललाय, हे सगळ्यात आधी. दोन तासांत, दोन दिवसांत की दोन महिन्यांत, यावर अर्धं निदान अवलंबून असतं. मग काय घेतलं, किती वाजता, दारू किती आणि शेवटची कधी, गांजा किंवा आणखी काही, आधी कुठं दाखवलं होतं, कुठल्या गोळ्या चालू होत्या आणि कधी बंद केल्या. डोक्याला मार, फिट, ताप, शुगर, बीपी. यापूर्वी असा प्रयत्न झाला होता का. घराण्यात कुणी जीव दिला आहे का.

यातलं निम्मं लोक लपवतात. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून जुनी फाईल घरीच ठेवतात. पोराचं व्यसन बापासमोर आई सांगत नाही. माझी युक्ती साधी आहे: एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. बोलावं लागत नाही, कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही. औषधांची पाकिटं पिशवीत भरून आणा, चुरगळलेली असली तरी.

आणि बोलायला एकच माणूस पुढं करा, ज्याला सगळं माहीत आहे तो. आपल्याकडं बातमी लागली की अख्खी गल्ली दवाखान्यात येते. माया आहे, मान्य. पण अपघात विभागाच्या दारात तीस माणसं आणि प्रत्येक जण वेगळी हकिकत सांगतोय, हे पेशंटच्या उपयोगाचं नाही. दोघं आत, बाकीचे बाहेर चहाच्या गाड्यावर.

वडिलांनी माळ घातली, दारू एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी भ्रम झाला. देवाचा कोप म्हणायचा का?

नाही. हे शरीराचं दुखणं आहे आणि ते जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो. अशी माणसं एकदा बघितली की विसरत नाहीत: चादरीवरून चिमटीनं नसलेल्या मुंग्या उचलतात, मान वर करून छताला कुणाला तरी हाका मारतात, हाताची थरथर इतकी की पाण्याचा पेला ओठांपर्यंत जात नाही. ताप, नाडी जोरात, दिवस की रात्र कळत नाही.

पंढरीला जाऊन माळ घातलेल्यांत हे दिसतं. पाय मोडून ॲडमिट झालेल्यांतही दिसतं, कारण तिथंही दारू आपोआप तुटलेली असते आणि "हा पितो" हे हाडांच्या डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नसतं. उपचार चांगले आहेत: थरथर आणि फिट आवरणारी औषधं, आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. हे बी-वन ग्लुकोजच्या आधी द्यायचं असतं. त्यामुळं गल्लीतल्या डॉक्टरकडं "अशक्तपणा आलाय, ग्लुकोजचं सलाईन लावा" असा आग्रह धरू नका. दारूचं आधी सांगा.

ज्यांना माळ घालायची आहे त्यांनी जरूर घालावी. फक्त रोजचं पिणं असेल तर सोडायच्या आधी डॉक्टरांना भेटा, गोळ्यांच्या आधारानं सोडा.

भाऊ यायलाच तयार नाही. दोरीनं बांधून आणू का?

दोरी नको, साखळी तर अजिबात नको. मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. आणि बांधून आणलेला भाऊ पुढं वर्षभर तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, तो तोटा वेगळाच.

आधी बोलून बघा. आवाज ऐकू येतात त्यावर वाद घालू नका. "असं काही नाही, तुला भास होतोय" म्हटलं की तो आणखी चिडतो. "तुला चार दिवस झोप नाही, डोकं दुखतंय, त्यासाठी जाऊया" हे बऱ्याचदा चालतं, कारण ते खरंच असतं. त्याचं ज्याच्याशी जमतं त्याला बोलवा. मामा असेल, तालमीतला वस्ताद असेल, शाळेतले सर असतील. लग्नाला जायचंय असं खोटं सांगून आणू नका.

हातात हत्यार असेल, किंवा तुमच्या अंगावर येत असेल, तर ११२. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या अशा माणसाला ताब्यात घेऊन दवाखान्यात पोचवणं पोलिसांचं काम आहे, चोवीस तासांच्या आत. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. फोनवर स्पष्ट सांगा की मानसिक आजाराचा पेशंट आहे, गुन्हेगार नाही.

दवाखान्यातच हातपाय बांधले. हे चालतं?

काही वेळा, काही अटींवर. लगेच होणारी गंभीर इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरज असेल तितकाच वेळ, आणि लिहून ठेवून. शिक्षा म्हणून किंवा धाक दाखवायला नाही. स्टाफ कमी आहे हे कारणसुद्धा कायद्याला मान्य नाही, आणि प्रत्यक्षात कारण बहुतेक वेळा तेच असतं, हे इथं म्हटलंच पाहिजे. एकट्याला खोलीत कोंडून ठेवणं तर पूर्ण बंद आहे.

तुम्ही शांतपणे तीन गोष्टी विचारा: कुणी सांगितलं, कधी सोडणार, मी शेजारी बसलो तर सोडाल का? तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळदा "हो" मिळतं. पट्ट्याखाली बोट जातंय का, हात निळसर किंवा गार पडलाय का, पाणी पाजलंय का, लघवीला सोडलंय का, हे बघत राहा.

इंजेक्शन दिल्यावर मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले. चुकीचं इंजेक्शन दिलं का?

बहुधा नाही. शांत करण्याच्या काही इंजेक्शनांनी, विशेषतः तरुण मुलांत, मानेचे, जबड्याचे, डोळ्यांचे स्नायू आखडतात. दिसायला फार भयंकर दिसतं: मान खांद्याकडं पिरगळलेली, जीभ बाहेर, बोलता येत नाही, पण पोरगं पूर्ण शुद्धीवर असतं आणि घाबरलेलं असतं. लगेच सिस्टरांना सांगा. उतारा आहे, आणि सुई दिल्यावर थोड्याच वेळात मान सरळ होते. घरी आल्यावर झालं तर परत अपघात विभागात जा. इंजेक्शनचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा. यावरून स्टाफच्या अंगावर धावून जाऊ नका. राज्यात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

ॲडमिट करायला कोर्टाची ऑर्डर लागते ना? आणि रत्नागिरीला पाठवतात म्हणे?

कोर्टाच्या ऑर्डरची आठवण १९८७ च्या जुन्या कायद्याची आहे. आता घरच्या माणसाला ॲडमिट करायला तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडं धावायची गरज नाही.

आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, कुठल्याही दवाखान्यात, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, किंवा मानसोपचार केंद्रात तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. जीव वाचवणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला होणारी गंभीर इजा टाळणं, यासाठी ही तरतूद आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बहुधा घरचाच माणूस, हजर असेल तर त्याची संमती घेतात. या मुदतीत शॉक देता येत नाही.

पुढं पेशंटला समजतंय आणि तो तयार आहे तर स्वतःच्या सहीनं ॲडमिट होतो. बहुतेकांनी असंच व्हावं ही कायद्याची अपेक्षा. तयार नसेल आणि धोका असेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर ॲडमिट करता येतं. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. मुदत कमाल ३० दिवस. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांसाठी सात दिवसांत, आणि पेशंट स्वतः तिथं दाद मागू शकतो.

रत्नागिरी हे ठाणे, येरवडा, नागपूर यांच्याबरोबरचं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय, आंबा घाट उतरून साधारण १३० किलोमीटर. तिथं पाठवायची वेळ थोड्यांवर येते. "रत्नागिरीला घालीन" ही आपल्याकडची जुनी धमकी. आजारी माणसासमोर ती देऊ नका, त्याला ती खरी वाटते.

बाळंतीण चार दिवस झोपली नाही, बाळाबद्दल विचित्र बोलते. घरचे म्हणतात बाहेरचं आहे, अंगारा लावा.

अंगारा लावायचा तर लावा, पण गाडीत बसून. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, बहुधा पहिल्या पंधरवड्यातच, झोप उडणं, संशय, "हे बाळ माझं नाही", "याला सैतान लागलाय" असं बोलणं सुरू झालं तर ती खरी इमर्जन्सी आहे. आई आणि बाळ दोघांना धोका असतो. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, पण तोडूही नका. कुणीतरी सोबत बसून पाजू द्यावं आणि औषधं सुरू झाल्यावर पाजायचं की नाही ते डॉक्टरांना विचारावं. हा आजार बरा होतो, बऱ्याच बायका पूर्ण बऱ्या होतात.

देवर्षीकडं, म्हणजे भूत उतरवणाऱ्याकडं, नेलं तर काय बिघडतं?

श्रद्धेवर मी बोलणार नाही. वेळेवर बोलते. नरसोबाच्या वाडीला किंवा जोतिबाला जाऊन घरच्यांना धीर येत असेल तर पेशंट स्थिर झाल्यावर जाऊन या, गोळ्या पिशवीत ठेवून. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. अशा जखमा घेऊन आलेले पेशंट अपघात विभागाला नवे नाहीत.

मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला काही वेगळे नियम?

हो. अल्पवयीन मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही आणि पालक किंवा सोबतीचं माणूस पूर्ण वेळ जवळ राहिलं पाहिजे; मुलीजवळ बाईमाणूस. निकालाच्या दिवसांत ही मुलं येतात. त्यांच्याशी डॉक्टर एकटं बोलू इच्छितील. बाहेर जा. दारात कान देऊन उभं राहू नका. मुलीनं तुम्हाला सांगितलं नाही ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो तुमचा अपमान नाही.

रंकाळ्यावर एक माणूस फाटक्या कपड्यांत स्वतःशी बोलत फिरतो. आमचा कुणी नाही. काय करू?

११२ किंवा जवळचं पोलीस ठाणं. बेवारस फिरणाऱ्यालाही दवाखान्यात पोचवणं आणि हरवल्याची नोंद करणं ही पोलिसांची जबाबदारी. व्हिडिओ काढू नका.

"जीव द्यायचा विचार येतो का" असं सरळ विचारलं तर डोक्यात नसलेलं घालत नाही का आपण?

नाही. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. उलट बहुतेकांना सुटका वाटते की कुणीतरी विचारलं. "जगणं नको वाटतं का? काही ठरवलंयस का?" असं सरळ विचारा. "हो" आलं तर लेक्चर देऊ नका, आईबापाची शपथ घालू नका. सोबत बसा आणि दवाखान्यात न्या. अपघात विभागात वेटिंग असेल तेव्हा त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही दारापर्यंत जायचं, आतली कडी लावू द्यायची नाही. खिशातलं धारदार काही, गोळ्या, काढून घ्या, पण झडती घेतल्यासारखं नको, सांगून घ्या.

घरी सोडताना काय बघायचं?

डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. म्हणून मानसोपचार ओपीडीची तारीख आठवड्याच्या आतली घ्या, वार आणि खोली नंबरासकट लिहून. कार्डावर नुसतं विषबाधा लिहिलं असेल तर विचारा की मानसोपचार विभागाचं मत कुठं आहे. नसेल तर घेतल्याशिवाय निघू नका.

घरी आधी शेतीची औषधं हलवा. शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, किल्ली घरात नको. गोळ्या एकानं सांभाळायच्या, दोन-तीन दिवसांच्याच हातात द्यायच्या. उदासीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे पुन्हा अपघात विभागात भेटतात.

एका कागदावर पेशंटच्याच अक्षरात लिहून घ्या: विचार यायला लागले की आधी काय जाणवतं, तेव्हा मी काय करतो, कुणाला फोन करतो, कुठल्या दवाखान्यात जातो. शेवटची ओळ १४४१६. हा कागद मोबाईलच्या कव्हरमध्ये राहतो.

खर्च? आणि विमा कंपनी मनाच्या आजाराला पैसे देते का?

सरकारी दवाखान्यात केसपेपरपासून सुरुवात होते, खर्च थोडा. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्यांचं कामच ते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. मात्र स्वतः करून घेतलेल्या इजेबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा. नाकारलं तर लेखी कारण मागा.

गल्लीत विचारतील, पाहुण्यांत विचारतील. काय सांगायचं?

डॉक्टरांशी काही लपवायचं नाही आणि गल्लीला काही सांगायचं बंधन नाही, असा माझा हिशेब. "तब्येत बिघडली होती, आता बरा आहे" पुरतं. दवाखान्यालाही गुप्तता पाळावी लागते, आणि पेशंटच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती वर्तमानपत्राला, चॅनेलला देता येत नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी कॉटवरचा फोटो टाकला असेल तर ॲडमिनला फोन करून काढायला लावा, त्याच रात्री. पेशंट दुसऱ्या दिवशी फोन हातात घेतो तेव्हा पहिल्यांदा तोच ग्रुप उघडतो.